काठ्या कुणी हलवल्या

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कुणी सांगायला नको. तीन हजार मीटर उंचीवरच्या निवाऱ्यात एकवीस हंगाम काढले की माणूस तसा होतोच. रोज नवी माणसं येतात, माझं सूप पितात, माझ्या घोंगड्या पांघरतात, सकाळी वहीत ‘खिंडीकडे निघालो’ असं लिहितात आणि भलतीकडेच जातात. जाताना कुणी चमचा नेतो, कुणी मेणबत्ती. बर्नचा एक न्यायाधीश माझी भाजीची सुरी घेऊन गेला होता. पुढच्या वर्षी आला तेव्हा मी ती त्याच्याकडून मागून घेतली. त्र्याऐंशीच्या शरदात तर माझ्या झोपायच्या खोलीबाहेर कुणीतरी रोज कडी काढतंय असं वाटायचं. बाहेर जाऊन बघावं तर झेंड्याची दोरी वाऱ्याने खांबावर आपटत असायची. धुराडं दुरुस्त करायला गवंडी आला होता, त्याच्याकडून तो खांब उपटून लाकडांच्या खोपटापलीकडे रोवून घेतला, तेव्हा कुठे डोळ्याला डोळा लागला. माझा भाऊ ओडिलो म्हणतो, “मिना, तू स्वर्गात गेलीस तरी आधी दाराचं कुलूप तपासशील.” तपासीन. त्यात काय चुकलं?

ओडिलो आमच्या गावचा काठीवाला. मार्चच्या मध्यावर, स्कीवाले वर यायला लागायच्या आधी, आकाश स्वच्छ बघून तो निवाऱ्यापासून ग्रात्सच्या खिंडीपर्यंत हिमनदीवर चौसष्ट काठ्या रोवतो. टोकाला लाल चिंध्या. बर्फाखाली भेगा आहेत, एकेक अशी की आमचं चर्च घंटेसकट आत जाईल. वरून मात्र सगळं सपाट, पांढरं, निरागस दिसतं. त्या भेगांमधून जी एक भरवशाची वाट जाते ती म्हणजे काठ्यांची रेघ. धुकं उतरलं की लोक एका काठीवरून दुसरीकडे आंधळ्यासारखे जातात आणि जिवंत पोचतात. हिमनदी सरकत असते, पण खालचा खडक सरकत नाही, म्हणून भेगा दरवर्षी त्याच त्या जागी उघडतात. वाटही तीच राहते. ती आधी आजोबा काढायचे, मग बाबा, आणि आता तीस वर्षं ओडिलो.

वाट काढायच्या प्रत्येक घराण्याच्या खुणा असतात. कुठला सुळका कुठल्या कड्यावर धरायचा, तो तसा दिसला की किती चालायचं, कुठे वळायचं. त्या बाप मुलाला सांगतो. कागदावर लिहीत नाहीत, बायकोला सांगत नाहीत, आणि मुलीला तर मुळीच नाही, कारण मुलगी लग्न करून दुसऱ्या घरात जाते आणि खुणा सोबत घेऊन जाते. मी लग्न केलं नाही. तरी मला कुणी सांगितल्या नाहीत.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, दोन एप्रिलला पहिला प्रकार झाला. निवाऱ्यापासून अर्ध्या तासावर हिमनदीला एक उतार आहे, त्याला आम्ही खालची पायरी म्हणतो. तिथे चौदाव्या आणि पंधराव्या काठीच्या मधोमध बर्नची एक शाळामास्तरीण कंबरेपर्यंत बर्फात गेली. पाय खाली लोंबकळत होते, खाली काहीच नव्हतं. तिला ओढून काढलं, ब्रँडी पाजली, ती हसलीसुद्धा. लोक म्हणाले, असं होतं कधीकधी.

सहा दिवसांनी दुसरा प्रकार झाला, आणि त्यावर कुणी हसलं नाही. खिंडीच्या जरा अलीकडे रेघ डावीकडे वळते, ते वरचं वळण. तिथे, सत्तेचाळिसाव्या काठीला अगदी लागून, बासेलचा एक दंतवैद्य आठ मीटर खाली गेला. तो ओडिलोचा स्वतःचा माणूस होता, ओडिलोच्याच दोरावर. ओडिलोने धरलं म्हणून वाचला, पण मांडीचं हाड मोडलं आणि हेलिकॉप्टर बोलवावं लागलं.

संध्याकाळी ओडिलो माझ्या स्वयंपाकघरात हातमोजे न काढता बसून राहिला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, ओंडक्यासारखा मजबूत, पण तेव्हा तो मला बाबांसारखा दिसला. बाबा शेवटच्या दोन वर्षांत स्वतःचे बूट ओळखायचे नाहीत.

“माझ्या हाताने रोवलेली काठी, मिना,” तो म्हणाला.

“तुझ्या हाताने रोवली असशील. राहिली का तिथेच?”

“म्हणजे?”

“म्हणजे कुणीतरी हलवली.”

“कोण हलवणार? हिमनदीवर काय कोंबड्या चोरायला येतं कुणी?”

“ज्याला तुझी जागा हवी, तो येतो,” मी म्हटलं.

नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. सेवेरीन रीडर हा लोचेंताल खोऱ्यातला. आमच्या गावातल्या मुलीशी लग्न करून तीन वर्षांपूर्वी सासऱ्याच्याच घरात राहायला आलेला, म्हणजे घरजावईच. वाटाड्याचा बिल्ला त्याच्याकडे होता, काम चांगलं करायचा, दारू बेताची प्यायचा. मला एवढंच पुरेसं होतं. जो माणूस दुसरा पेला घेत नाही त्याला काहीतरी लपवायचं असतं. शिवाय आमच्याकडे निवाऱ्याच्या उंचीवर आलं की सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, मंत्री असो की मेंढपाळ. सेवेरीन मात्र मला अहो-जाहो करायचा. तीन वर्षं. पोटात एक असल्याशिवाय कुणी इतकं सभ्य राहत नाही.

दोन दिवसांत वाटाड्यांच्या संघाचा अध्यक्ष गेरवास याचा खालून निरोप आला की शुक्रवारी येऊन रेघ बघतो आणि रविवारी ठरवू. काय ठरवू ते लिहिलं नव्हतं. पण चार वाटाडे माझ्याकडे कॉफीला थांबले होते, त्यांची कुजबुज मी ऐकली. “डोकं बापाचंच आहे शेवटी,” एक म्हणाला. मी त्याच्या कॉफीत साखर घातली नाही. ओडिलोकडून काठ्या काढून घेतल्या तर त्याच्याकडे उरलं काय असतं? बायको नाही, मूल नाही. एक रेघ होती.

मी कामाला लागले. ओडिलो खाली गावात गेला होता, त्या दुपारी मी लाल बीट उकळलं, ते पाणी दोन थर्मासमध्ये भरलं आणि स्की घालून रेघेवर गेले. ज्या भागात मास्तरीण पडली तिथल्या बारा काठ्यांच्या बुडाशी ते पाणी ओतलं. पाणी गोठलं आणि प्रत्येक काठीभोवती लाल बर्फाचं कडं झालं. काठी कुणी जरा हलवली तरी कडं फुटणार. वर थोडा बर्फ पसरला, म्हणजे दिसायला नको. परत येताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता निवाऱ्यासमोरच्या दगडांच्या बांधावर चढून दुर्बीण लावली तर सेवेरीन एकटाच रेघेवर. चौदाव्या काठीपाशी गुडघ्यावर बसलेला. मग पंधराव्या. प्रत्येक काठीपाशी पाच-सात मिनिटं. परत आला तेव्हा मी दारातच उभी होते.

“इतक्या सकाळी कुठे?”

“जरा फिरून आलो, बाई.”

“पाय मोकळे करायला हिमनदी?”

“बर्फ कसा आहे ते बघत होतो.”

“कसा आहे मग?”

“थंड आहे,” तो म्हणाला आणि बूट काढायला बसला.

तो मागच्या संडासात गेला तेव्हा मी त्याची पाठपिशवी उघडली. मला त्याची लाज वाटली नाही, हे आता सांगायला हवं. आत वही होती. पहिल्याच पानावर आमची रेघ, चौसष्ट ठिपके, आकड्यांसकट. काही ठिपक्यांभोवती गोल, काहींवर फुली. बाजूला तारखा. सगळ्यात पहिली तारीख नऊ एप्रिल. आमची रेघ परक्याच्या वहीत, असं कधी झालं नव्हतं. बाबांनी तर तसा नुसता प्रयत्न करणाऱ्या एकाचे दात पाडले होते.

शुक्रवारी गेरवास दोन वाटाड्यांना घेऊन आला. सत्तरीचा, पोट सुटलेला, पण स्कीवर अजून मांजरासारखा. ओडिलोही आला. सेवेरीन आधीपासून होताच. मी सगळ्यांपुढे सूप ठेवलं, राय धान्याची भाकरी ठेवली आणि उभ्या उभ्या बोलून टाकलं. पहाटेचा फेरा, वही, फुल्या, सगळं.

टेबलावर चमचे थांबले. गेरवासने सेवेरीनकडे बघितलं. “बोल रे.”

“मी काठी हलवलेली नाही,” सेवेरीन म्हणाला.

“मग वही कशाला?” मी म्हटलं. “ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?”

त्याचे कान लाल झाले. “माझी पिशवी तुम्ही उघडलीत?”

“उघडली. आणि काठ्यांवरही पहारा ठेवलाय मी. चला, दाखवते.”

बीटाचं ऐकून गेरवासची मिशी हलली, पण तो उठला. आम्ही सगळे गेलो. मी पुढे, छाती काढून. चौदाव्या काठीपाशी वरचा बर्फ हाताने बाजूला केला. लाल कडं अख्खं होतं, बांगडीसारखं. पंधरावीचं अख्खं. सोळावीचं अख्खं. बाराही अख्खी.

“इर्मिना,” गेरवास म्हणाला, “साप समजून भुई धोपटलीस.”

“मी पाणी ओतलं त्याच्या आधीच हलवल्या असतील,” मी म्हटलं. हरायचं असेल तर निदान भांडून हरावं.

सेवेरीनने फावडं काढलं आणि चौदाव्या काठीच्या बाजूला खणायला लागला. बर्फाचे थर दिसायला लागले. हातभर खाली एक पिवळसर पट्टा होता. मार्चच्या पंचवीस तारखेला दक्षिणेचा वारा वाळवंटाची धूळ घेऊन आला होता, सगळी दरी दोन दिवस पिवळी झाली होती. मी घोंगड्या झटकून झटकून दमले होते. तो पट्टा काठीला चिकटून सलग गेला होता. कुठे तुटला नव्हता. म्हणजे धूळ पडली तेव्हा काठी तिथेच होती, आणि त्यानंतर कुणी तिला हात लावला नव्हता. मास्तरीण पडली ती त्यानंतर आठवडाभराने.

मग त्याने तुकडे जोडून बर्फ तपासायची लांब सळई केली आणि चौदा ते पंधराच्या मध्ये बर्फात खुपसली. सळई अर्धा मीटर गेली, अडली, आणि नंतर लोण्यात जावी तशी पूर्ण आत गेली.

“काठ्या पहिल्यापासून इथेच आहेत,” तो हळूच म्हणाला. “भेगेवरच आहेत.”

कुणी ओडिलोकडे बघितलं नाही. सगळे मुद्दाम दुसरीकडे बघत होते, ते मला जास्त लागलं.

“तुला कधीपासून ठाऊक?” ओडिलोने विचारलं.

“दंतवैद्य पडला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. रोज थोड्या तपासल्या. जिथे पोकळ लागलं तिथे फुली. माझी माणसं मी लांबून नेली, बाकीच्यांनाही म्हटलं की जरा उजवीकडून जा.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुमच्या घराची रेघ आहे, ओडिलो. मी बाहेरचा. आणि सांगितलं असतं तर,” त्याने माझ्याकडे बघितलं नाही, “ऐकलं असतं कुणी?”

गेरवासने रविवारपर्यंत वाट बंद केली.

परतताना मी सगळ्यात मागे राहिले. मला सेवेरीनची माफी मागायला हवी होती, पण मला त्याचा रागच येत होता. तो चोर असता तर किती बरं झालं असतं. चोर पकडता येतो. आता माझ्या भावाचं डोकं जात होतं आणि त्यासाठी पकडायला कुणी नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी, जेवणाच्या आधी, ओडिलो स्वयंपाकघरात आला आणि दार लावलं. मी वाळवलेलं मांस पातळ कापत होते. निवाऱ्यात तेव्हा एकही पाहुणा नव्हता, तरी त्याने दार लावलं.

“उद्या मी काठ्या देऊन टाकणार,” तो म्हणाला. “पण खुणा देणार नाही कुणाला. त्या घरात राहिल्या पाहिजेत. घरात आता तूच आहेस.”

सुरी हातात तशीच राहिली. छप्पन्न वर्षांची होते मी. या वाक्याची वाट मी किती वर्षं बघितली ते त्याला माहीतही नसावं.

“खालच्या पायरीवर गेलीस की मागे वळायचं,” तो म्हणाला. “तिथून निवारा दिसत नाही. दगडांचा बांध मध्ये येतो. बांधाच्या वर फक्त आपला झेंडा दिसतो, खांबासकट. त्याच्या मागे लांब कडा आहे, त्याला खाच आहे, बकरीने चावल्यासारखी. खांब बरोबर त्या खाचेत उभा दिसला पाहिजे. तो खाचेत धरून चालायचं, मागे बघत बघत, दोनशे ऐंशी पावलं. तुझ्या डाव्या हाताला भेग, उजव्या हाताला भेग. मध्ये दगडासारखा बर्फ. लोकांना वाटतं बाबांनी तो झेंडा देशासाठी उभारला. बाबांना देशाचं काय पडलं होतं?”

मी मान हलवली.

“खांब,” मी शेवटी म्हटलं.

“खांब. बाबांनी स्वतः जागा मोजून रोवलाय. वर-खाली दहा फेऱ्या केल्या होत्या त्यांनी.”

लाकडांच्या खोपटापलीकडे. नऊ पावलं. गवंड्याने विचारलं होतं, “एवढा लांब कशाला, बाई?” आणि मी म्हटलं होतं, मला झोप हवी. तेव्हा ओडिलो खाली गवत भरत होता. नंतर तीन मीटर बर्फ पडला, छप्पर आणि खांबाचं टोक तेवढं वर राहिलं. निवाऱ्यापाशी आल्यावर खांबाकडे कोण बघतं? तो लांबूनच बघायचा असतो. इथे नऊ पावलं म्हणजे तिथे हिमनदीवर वीसेक पावलं सहज.

“आणि वरचं वळण?” मी कसंबसं विचारलं.

ओडिलोने मांसाचा एक तुकडा उचलला आणि परत ठेवला. “त्याचं उद्या,” तो म्हणाला. “दमलोय.” आणि झोपायला निघून गेला.

मला लगेच वाटलं, अर्धं राखून ठेवलं. बाबांचाच मुलगा तो. बहिणीला द्यायचं तेही अर्धंच द्यायचं.

पण खरं सांगू, त्या संध्याकाळी तो राग टिकला नाही. माझ्या अंगावरून ओझं उतरलं होतं. ओडिलोचं डोकं शाबूत होतं. त्याने रेघ बरोबर काढली होती, बाबांनी सांगितली तशीच, पावलं मोजून. खांबच खोटं बोलत होता, आणि खांबाला खोटं बोलायला मी लावलं होतं. मी त्याच्या मागे जाऊन लगेच सांगू शकले असते. सांगितलं नाही. त्याची अब्रू चारचौघांत गेली होती, ती चारचौघांतच परत यायला हवी होती. मला सगळ्यांची तोंडं बघायची होती. त्या बिनसाखरेच्या कॉफीवाल्याचं तर खास.

रविवारी चर्च आटोपून गेरवास वर आला. सोबत सात वाटाडे. सेवेरीन कोपऱ्यात बसला. ओडिलोने चिंध्या बांधलेल्या काठ्यांची मोळी, जास्तीच्या असतात ती, टेबलावर आणून ठेवली. गेरवास घसा साफ करायला लागला तेवढ्यात मी म्हटलं, “थांब. आधी मी बोलणार.”

सगळं सांगितलं. झेंड्याची दोरी, कडी वाजते असं वाटणं, गवंडी, नऊ पावलं. घराची खूण परक्यांसमोर उघडी पडली, पण आता मला त्याचं काही नव्हतं. सेवेरीनकडे वळून त्याचीही माफी मागितली, पिशवीची आणि वहीची. आपलाच दोष इतक्या आनंदाने कुणी अंगावर घेतला नसेल. माझा आवाजसुद्धा हसरा येत होता.

दोघेजण बाहेर जाऊन खांब बघून आले. “खोपटापलीकडे आहे खरा,” एक म्हणाला. “मी रोज बघतो, अन् मला कळलंच नाही.”

गेरवासने टेबलावर थाप मारली. “काखेत कळसा आणि गावाला वळसा. इर्मिना, तुला त्या खांबाला बांधायला पाहिजे.” सगळे हसले. कॉफीवाला खाली बघत होता. “ओडिलो, मिटलं मग. खांब परत जागेवर लावू, काठ्या पुन्हा रोव. तूच काठीवाला.”

ओडिलो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. त्याच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं, मी ते बघितलं, मला दिसलं. तो वीस वर्षांनी लहान वाटला.

मग ते हसू तिथेच थांबलं.

“आणि दंतवैद्य?” तो म्हणाला.

“त्याचं काय?” गेरवास म्हणाला. “तेही त्यातच आलं.”

“वरच्या वळणावरून झेंडा दिसत नाही.”

कोपऱ्यात सेवेरीनने डोळे मिटून घेतले. वरच्याही काठ्या चुकल्यात हे त्याला शुक्रवारच्या आधीपासूनच ठाऊक होतं. त्याच्या वहीत सत्तेचाळिसाव्या काठीवर फुली होती, मी स्वतः बघितली होती, आणि या खोलीत एवढा वेळ सगळे हसत असताना तो एकटा गप्प होता. त्याच्या गप्प राहण्याचा मी पुन्हा भलताच अर्थ लावला असता, अजून दोन मिनिटं गेली असती तर.

“अरे, एखादी काठी चुकते,” गेरवास म्हणाला. “कुणाची चुकत नाही?”

“एक नाही चुकली. तिथल्या सगळ्याच चुकल्या. सेवेरीन, किती?”

“सहा,” सेवेरीन म्हणाला.

“तिथे दुसरी खूण आहे,” ओडिलो म्हणाला. तो मोठ्याने बोलत नव्हता, पण सगळ्यांना ऐकू जात होतं. “बाबांनी सांगितली होती. तीस वर्षं मी ती धरून चाललो. मार्चमध्ये तिथे उभा राहिलो. आकाश स्वच्छ. सगळे डोंगर ओळखीचे, एकेकाचं नाव सांगू शकलो असतो. पण कुठला कुठल्यावर धरायचा, तेच आठवेना. तासभर उभा होतो. पाय गार पडले. मग अंदाजाने रोवल्या आणि खाली आलो. लाज वाटली म्हणून कुणाला बोललो नाही. वाटलं, आठवेल.”

मला शनिवारचं ‘उद्या’ आठवलं. राखून ठेवायला त्याच्याकडे काही नव्हतंच.

मी म्हटलं, “ओडिलो, खांबामुळे तू गोंधळलास. खाली चुकल्यावर वरचंही—”

“नको, मिना.”

मी थांबले. मला आधी दोषी सेवेरीन असायला हवा होता. मग मी स्वतः असायला हवी होते, आणि मी तर हात जोडून तयार होते. ओडिलो सोडून कुणीही चाललं असतं.

ओडिलोने काठ्यांची मोळी उचलली आणि सेवेरीनच्या पुढ्यात ठेवली. “खालची खूण आता सगळ्यांना कळलीच आहे. खांब जागेवर लावा आणि ती वापर. वरची माझ्याकडे नाही.”

सेवेरीन उठून उभा राहिला. “वरचं मी सळईने शोधीन. आठ-दहा दिवस लागतील. तुम्ही सोबत याल?”

“येईन की. दोराला वजन लागतंच.”

वाटाडे एकेक करून बाहेर गेले. गेरवासने जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर फावड्यांचा आवाज यायला लागला. खांबाचं बूड मोकळं करत होते.

ओडिलो माझ्याजवळ बाकावर येऊन बसला. टेबलावरचे चरे बोटाने गिरवत होता.

“मिना,” तो म्हणाला, “बाबांनी मला त्या खुणा खालच्या घरी सांगितल्या. स्वयंपाकघरात, भाकरीचे तुकडे मांडून. तू तेव्हा तेरा-चौदाची असशील. तू दाराआडून ऐकायचीस सगळं, मला माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं.” त्याने माझ्याकडे बघितलं, लहान मुलाने बघावं तसं. “त्या दिवशीही होतीस ना? वरच्या वळणाचं काय म्हणाले ते? तुला आठवत असेल.”

“होते,” मी म्हटलं. “पण वरचं वळण सोड, खाचेचंसुद्धा कानावर पडलं नाही. त्याआधीच बाबांनी दार उघडलं आणि मला लाकडं आणायला पाठवलं.”